टेबलावर थंड, घरी गरम

लॅपटॉप तापतो अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की मी पहिला प्रश्न विचारतो तो लॅपटॉपबद्दल नसतो. मी विचारतो, "सध्या घरमा काय भरेल शे?" माणूस चमकतो. मशीन दाखवायला आलो आणि हा बाबा आमच्या घराची झडती घेतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. पण नंदुरबारात सव्वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केल्यावर मी एवढं शिकलोय, की घरात जे भरलेलं असतं तेच पंख्यात भरलेलं असतं. घरात कापूस असेल तर पंख्यात करड्या रंगाची गादी निघते. मिरची असेल तर मी आधी तोंडाला रुमाल बांधतो.

हा रुमाल मला एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं शिकवला. त्याचा लॅपटॉप पथारीवरच्या शेडमध्ये असायचा. पथारी म्हणजे ओल्या लाल मिरच्या वाळत घालायचं मैदान. मी काही न विचारता झाकण उघडलं आणि हवेच्या ब्लोअरचं तोंड आत लावलं. पुढचा अर्धा तास मी, तो व्यापारी आणि चहाचे ग्लास घ्यायला आलेला माणूस असे तिघं रस्त्यावर उभं राहून शिंकत होतो. डोळे पुसत पुसत व्यापारी मला म्हणाला, माल चांगला आहे की नाही ते सांगा. तेव्हापासून आधी प्रश्न, मग ब्लोअर.

मोलगीहून एक शिक्षक आठवडी बाजाराच्या दिवशी जीपनं खाली आले होते. त्यांच्या लॅपटॉपचा पंखा कट-कट वाजत होता. उघडला तर आत तांदळाचे दाणे आणि धान्यातले दोन जिवंत सोंडे किडे. ओला मोबाइल तांदळात ठेवतात हे गुरुजींनी ऐकलं होतं, म्हणून पावसाळाभर त्यांनी लॅपटॉपच तांदळाच्या डब्यात झोपवला होता. मी दाणे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. ते न हसता म्हणाले, दमटपणा मात्र अजिबात आला नाही बघा. आला नव्हताच. ते मान्य करावं लागलं.

ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लॅपटॉपच्या पोटात विचार करणारी चिप असते आणि चित्रं काढणारी दुसरी असते. काम जास्त झालं की दोघी तापतात. त्यांच्यावर तांब्याची नळी बसवलेली असते. ती उष्णता उचलून कडेला नेते आणि तिथला पंखा ती बाहेर फेकतो. चिप आणि तांबं यांच्यामध्ये एक राखाडी लेप लागतो, मुगाच्या दाण्याएवढा. तो वाळला की उष्णता चिपमध्येच कोंडते. आता चिप काही मूर्ख नसते. शंभर अंशांच्या जवळ गेली की ती जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करते. पत्र टाइप करणाऱ्याला हे कळतही नाही. गेम खेळणाऱ्याला लगेच कळतं. समोरचा भिंतीआडून येतो, पडदा अडखळतो आणि पुन्हा हलतो तेव्हा आपण मेलेलो असतो.

म्हणून गेमवाला लॅपटॉप ही मेकॅनिकची खरी परीक्षा. त्यात मी पास होतो, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्यानं सांगायची वाट बघायला मला वेळ नाही. लेप लावण्यात माझा हात धरणारा या जिल्ह्यात नाही. विसरवाडी, नवापूरकडची माणसं वाटेतली चार दुकानं सोडून माझ्याकडे येतात. माझी पद्धतही ठरलेली. साफसफाई, नवा लेप, मग खालचं झाकण उघडंच ठेवून अर्धा तास मशीनला पूर्ण कामाला लावायचं आणि तापमानाचा आकडा बघायचा. झाकण उघडं अशासाठी, की काही चुकलंच तर पुन्हा उघडावं लागू नये. या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कड्या नाजूक असतात, सारख्या उघडल्या की तुटतात. आकडा पटला की झाकण बंद, स्क्रू, आणि वरून दुकानाचं स्टिकर, त्यावर कामाची तारीख. एकदा माझ्या हातून गेलेला लॅपटॉप त्याच दुखण्यासाठी परत येत नसे.

कृपालीचा आला. दोनदा परत आला.

कृपाली तापीकाठच्या एका गावातल्या गुजर शेतकऱ्याची मुलगी. वडील रतिलालभाई, केळी आणि कापूस करणारे, कमी बोलणारे. ते घरात गुजरी बोलतात, माझ्याशी अहिराणी. मुलगी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. कॉलेजातल्या पाच मुलींनी मिळून गेमिंगचा संघ केला होता आणि सुट्टीच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता त्यांची ऑनलाइन निवड फेरी होती. पाचही जणी आपापल्या घरून खेळणार. एकीचा लॅपटॉप अडकला तर पाचही जणी बाद.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि ती म्हणाली, कापूस. भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत भरलाय, आणि तिचं टेबल त्याच खोलीत. मी झाकण उघडलं, चिमट्यानं पंख्यामागची गादी अखंड उचलली आणि तिच्यासमोर धरली. अशी गादी अखंड निघाली की मला फार आनंद होतो. साफ केलं, लेप लावला, अर्ध्या तासाची परीक्षा घेतली. बहात्तर अंश. ती खूश, मी खूश. झाकण लावलं, स्टिकर लावलं.

आठ दिवसांनी ती परत आली. म्हणाली, आधीपेक्षा जास्त तापतो. मला आधी हे खोटंच वाटलं. तिच्यासमोर झाकण उघडलं, परीक्षा घेतली. बहात्तर. कापूस नाही, धूळ नाही, लेप माझ्याच हातचा ओला. मी तिला आकडा दाखवला आणि सल्ल्यांची माळ लावली. गादीवर ठेवू नकोस, उन्हात बसू नकोस, मांडीवर घेऊ नकोस. ती म्हणाली, टेबलावरच असतो. मग मी दोष विजेवर घातला. 

"काका, तुमना टेबलवर हाऊ थंडा ऱ्हास, मन्हा घर गरम व्हस," ती म्हणाली. "मंग मन्हा घरनी काय चुकी शे?"

प्रश्न बरोबर होता. मेकॅनिकनं स्वतःला विचारायला हवा तोच होता. मी मात्र हसून म्हटलं, घरनी नही, तुन्ही. गेम कमी खेळ. झाकण लावलं, तारीख नवी म्हणून जुन्या स्टिकरवरच नवं लावलं.

तिसऱ्या वेळी तिच्याबरोबर रतिलालभाई आले. ते खुर्चीवर बसले नाहीत. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. कृपालीनं एक साधी शंभर पानी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, यात सगळं लिहिलंय, वाचा. मी वही बाजूला सरकवली. झाकण उघडलं, परीक्षा घेतली. बहात्तर. तिसऱ्यांदा बहात्तर आल्यावर माझं डोकं त्या लॅपटॉपपेक्षा जास्त तापलं होतं. तेवढ्यात रतिलालभाईंनी विचारलं.

"भाऊ, खरं सांगा. गेम खेयीसनच बिघडनं ना हाई?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी बाप विचारतोच. उत्तर त्याला ठाऊक असतं, माझा फक्त शिक्का हवा असतो. मशीनमध्ये दोष सापडत नव्हता, आणि गिऱ्हाईकाला "मला माहीत नाही" असं मी सव्वीस वर्षांत म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हणायला हवं होतं.

"हा रतिलालभाई," मी म्हटलं. "गेमनी गरमी शे. दुसरं काही नही."

कृपालीनं माझ्याकडे पाहिलं. भांडली नाही. मी झाकण आणि स्टिकर लावून दिल्यावर रतिलालभाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि ती पिशवी तिच्या हातात न देता स्वतःच्या खांद्याला लावली. वही काउंटरवरच राहिली. मी ती स्क्रूच्या खणात टाकून दिली.

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं, भांडायला केला असेल. ती शांतपणे म्हणाली, "काका, मन्ही वही तुमनाकडे ऱ्हाई गयी. ती तेवढी एस्टीमा धाडी द्या." मी विचारलं, उद्या स्पर्धा ना तुझी? तेव्हा कळलं, की लॅपटॉप कपाटात बंद आहे आणि किल्ली वडिलांकडे. मैत्रिणींना तिनं नाही म्हणून कळवलंय. आणि सोमवारी नाशिकला जायचं होतं तेही रद्द. हॉस्टेलवर पोरगी अभ्यास करत नाही, गेम खेळते, दुकानदारानंच सांगितलं, म्हणून वडील आता तिला जवळच्या कॉलेजात घालणार होते. नाशिकचं शिक्षण तिच्यापुरतं संपलं होतं. तिनं मला काही करा म्हटलं नाही. फक्त वही मागितली.

मी खणातून वही काढली. पाठवण्याआधी उघडली, कारण आता नुसती पाठवायची लाज वाटत होती.

तिनं स्केलनं रकाने आखले होते. तारीख, वेळ, काय चालू होतं, किती मिनिटांनी किती तापमान, आणि शेवटचा रकाना कारणाचा. तो सगळीकडे रिकामा. माझ्याकडे पहिल्यांदा येण्याआधीच्या नोंदी होत्या, गेमवर अठ्ठ्याऐंशी, नव्वद. पंख्यात गादी असताना तेवढं होणारच. मग एक ओळ, "काकांकडून आणला." आणि त्याखाली पहिलीच नोंद, गेम नाही, कॉलेजचा व्हिडिओ, दहा मिनिटं, पंच्याण्णव. मी ती ओळ तीनदा वाचली. गेम नाही. नुसता व्हिडिओ. पुढं तिनं एकेक करून सगळं तपासलं होतं. टेबल दुसऱ्या खोलीत नेलं, फरक नाही. बॅटरीवर चालवून पाहिला, विशेष फरक नाही. चार पुस्तकांवर उंच ठेवून खालून टेबलफॅनचा वारा दिला, फरक नाही.

टेबलफॅनच्या ओळीवर मी अडलो. खालून वारा देऊन एका अंशाचाही फरक पडत नाही, याचा अर्थ एकच. वारा आत जातच नाही. माझ्या टेबलावर जातो, तिच्या घरी जात नाही. आणि माझ्या टेबलावर झाकण उघडं असतं.

त्या वेळी टेबलावर दुसऱ्या एका गिऱ्हाईकाचा तसाच गेमचा लॅपटॉप तयार होऊन पडला होता. बंद, स्टिकरसकट. मी तो चालू करून उभा धरला आणि पतंगाच्या कागदाचा तुकडा खालच्या जाळीला लावला. पंखा नीट हवा ओढत असेल तर कागद तिथंच चिकटून राहतो. गिऱ्हाईकाला दाखवायची ही माझी आवडती गंमत. कागद खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. जाळीच्या बरोबर मधोमध, सरळ रेषेत, माझं स्टिकर होतं.

या स्टिकरबद्दल सांगायलाच हवं. आधी माझं स्टिकर टिकलीएवढं होतं. शेजारच्या दुकानदारानं त्याचं मोठं केलं, म्हणून मी त्या हंगामात त्याहून मोठं छापून घेतलं. पिवळं, तळहाताएवढं, गणपती, दुकानाचं नाव, फोन नंबर, जाड प्लॅस्टिकचं, पावसातही न निघणारं. जुन्या लॅपटॉपच्या तळावर मधली जागा कोरी असायची. सव्वीस वर्षं माझा हात तिथंच स्टिकर लावत आला. नव्या गेमवाल्या लॅपटॉपमध्ये त्याच जागी हवा आत घ्यायची जाळी असते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या जाळीतून हवा कशी जाते हे मी पन्नास जणांना समजावून सांगितलंय. पण स्टिकर लावताना मी विचार करत नव्हतो, हात करत होता. आपलं नाव मोठं आणि सरळ दिसावं एवढंच बघत होतो.

त्या पोरीचं श्वास घ्यायचं तोंड मी माझ्या नावानं बंद केलं होतं, आणि वर तिच्या बापाला सांगितलं होतं की दोष तिचा आहे. मला फार वाईट वाटलं. असं वाईट मला धंद्यात कधी वाटलं नव्हतं.

फोनवर सांगून काम झालं असतं, असं माझी बायको म्हणाली. स्टिकर काढा म्हणावं, झालं. पण फोनवर सांगितलं असतं तर रतिलालभाईंना वाटलं असतं, पोरीनं मला गळ घातली. जे दुकानात, त्यांच्यासमोर, तोंडानं बोललो होतो, ते त्यांच्यासमोरच परत घ्यायला हवं होतं. रविवारी सकाळी मोटारसायकल काढली आणि प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडून त्यांच्या गावी गेलो. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. मिरचीच्या व्यापाऱ्यापासून मोलगीच्या गुरुजींपर्यंत ज्या गोष्टी मी लोकांना रंगवून सांगतो, त्यात आता एक माझीही येणार होती. मोटारसायकल मात्र फिरवली नाही. त्या सकाळचा मला अभिमान आहे, लेप लावणाऱ्या हातापेक्षा जास्त.

रतिलालभाई ओट्यावर बसले होते. आतल्या खोलीत खरोखरच खिडकीपर्यंत कापूस होता. त्यांनी पाणी मागवलं. पाणी घेऊन कृपालीच आली. मी वही तिला दिली, ग्लास हातात घेतला, पण प्यायलो नाही.

"रतिलालभाई, पोरनी चुकी नही, गेमनी बी नही," मी म्हटलं. "चुकी मन्ही शे."

मग सगळं सांगितलं. जाळी, स्टिकर, उघडं झाकण, वही. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "मंग त्या दिन तुम्ही माले सांगं ते?"

"ते मी देख्याबिगर सांगं," मी म्हटलं.

 मला वाटलं, आता मला दोन शब्द ऐकवतील. ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले, आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. लॅपटॉप आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि मला म्हणाले, दाखवा. मी चालू केला, व्हिडिओ लावला. दहा मिनिटांत शहाण्णव. मग उलटा करून स्टिकर खरवडायला लागलो. मोठ्या हौसेनं जाड छापून घेतलेलं, निघता निघेना. कृपालीच्या आईनं खोबरेल तेलाची वाटी आणून दिली. माझं नाव मी माझ्याच नखांनी अर्धा तास खरवडत होतो आणि ते तिघं बघत होते. पुसून पुन्हा तोच व्हिडिओ लावला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आकडा एकाहत्तरच्या वर गेला नाही.

रतिलालभाईंनी कृपालीला जवळ बोलावलं. माझ्यासमोरच म्हणाले, "तू खरं सांगी ऱ्हायनी व्हती. मी यास्नं ऐकं, तुन्हं नही ऐकं." ती ओढणीनं तोंड पुसून आत गेली आणि आतून फोनवर मैत्रिणींना ओरडून सांगताना ऐकू आली. मग त्यांनी बायकोला सांगितलं, की सोमवारच्या नाशिकच्या गाडीसाठी हिचे डबे आजच भरून ठेव. मी तेव्हा कुठं पाणी प्यायलो.

नंतरच्या आठवड्यात मी पावत्या काढून त्या हंगामात स्टिकर लावलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला फोन केला, बोलावलं, आणि कारण सांगून स्टिकर काढलं. काही हसले, एकानं रागानं झापलं. एकही जण दुसऱ्या दुकानात गेला नाही. आता माझं स्टिकर पुन्हा टिकलीएवढं झालंय, चार्जरवर लागतं, आणि परीक्षा दोनदा होते. झाकण उघडून एकदा, बंद करून एकदा.

त्या रविवारी जेवल्याशिवाय सोडणार नाही असं रतिलालभाई म्हणाले, म्हणून तीन वाजता मी तिथंच होतो. ती फेरी त्या मुली जिंकल्या. पुढच्या फेरीत हरल्या, असं तिनं नाशिकहून फोनवर सांगितलं. खेळातलं मला फारसं कळत नाही. मी बघत होतो रतिलालभाईंकडे. ते मुलीशेजारी खुर्ची ओढून बसले होते. पडद्यावर काय चाललंय ते त्यांना उमगत नव्हतं, पण विहिरीवरची मोटार तापली का ते बघायला शेतकरी जसा हात लावून बघतो, तसा त्यांनी लॅपटॉपच्या कडेला हात धरला होता, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथंच. पहिला डाव संपेपर्यंत त्यांनी तो हलवला नाही. दुसऱ्या डावाच्या मध्यावर कृपालीनं पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हटलं, "पप्पा, हात काढा. हवा अडी ऱ्हायनी."

त्यांनी हात काढला.